ब्रेक ऑइलची बाटली उघडण्याआधी
पिकअपचे पेडल मऊ पडले तर काय तपासावे, कोणत्या क्रमाने तपासावे

पिकअपचा ब्रेक मऊ लागायला लागला की आपल्याकडचा पहिला उपाय ठरलेला आहे. स्पेअर पार्टच्या दुकानातून ब्रेक ऑइलची बाटली आणायची, टाकी काठोकाठ भरायची आणि गाडी पुन्हा भाड्याला लावायची. त्याने भागले नाही तर मिस्त्रीकडून हवा काढून घ्यायची. हे दोन्ही उपाय कधी कधी बरोबर ठरतात. पण ऑइल कमी का झाले आणि हवा शिरली कुठून, हे न पाहता केले तर मूळ दोष तसाच राहतो आणि काही दिवसांनी पेडल पुन्हा खाली जाते. ‘ब्रेक मऊ लागतो’ या एका तक्रारीमागे चार-पाच वेगवेगळे दोष असू शकतात. त्यातला कोणता आपल्या गाडीत आहे, हे बहुतेक वेळा पाना हातात घेण्याआधी पायालाच कळते.

बीड जिल्ह्यात हे जास्त जपायला हवे. बालाघाटाची डोंगररांग जिल्ह्याच्या मधून गेली आहे, त्यामुळे लांबचे भाडे घेतले की उतार चुकत नाही. सोलापूरकडून बीडला येताना मांजरसुंब्याचा घाट, धारूरहून तेलगावकडे उतरणारा अरुंद घाट, अंबाजोगाईहून परळीकडे जाणारा रस्ता, हे सगळे भरल्या गाडीच्या ब्रेकची परीक्षा घेतात. कड्याचा कांदा, बालाघाटातले सीताफळ, कापूस, सोयाबीन, बाजारची जनावरे यातले बरेचसे पिकअपवर जाते. सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीत निभावून जाणारा मऊ ब्रेक अशा उतारावर निभावत नाही.

पाय काय सांगतो ते आधी पाहा

गाडी सपाट जागी उभी करा. चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडा. यामुळे बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि बूस्टरच्या मदतीशिवाय नुसता ऑइलचा दाब पायाला जाणवतो. चांगल्या गाडीत या वेळी पेडल उंच आणि दगडासारखे कडक लागते. तसे लागले नाही, तर ते नेमके कसे लागते ते पाहा.

एक. पेडल दबदबीत लागते, दाबत जाऊ तसे आत जाते, पंपिंग केले की थोडे वर येते, पण दबदबीतपणा जात नाही. हे लाइनीत हवा असल्याचे लक्षण आहे. ऑइल दाबले तरी आकसत नाही, हवा मात्र आकसते. पायाची ताकद चाकापर्यंत पोचण्याऐवजी हवा दाबण्यात खर्च होते. रबरी होज जुना होऊन फुगत असेल तरीही असेच लागते.

दोन. पहिल्या दाबाला पेडल खोल जाते, लगेच दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा दाबले की वर येते आणि कडक लागते. इथे बहुधा हवा नसते. मागच्या ड्रममध्ये लायनर आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढलेले असते. ते अंतर भरून काढण्यातच पहिला दाब जातो.

तीन. पेडल सुरुवातीला ठीक लागते, पण अर्धा-एक मिनिट तसेच दाबून धरले की सावकाश खाली सरकत जाते. म्हणजे दाब कुठेतरी निसटतो आहे. एक तर ऑइल बाहेर गळते आहे, नाहीतर मास्टर सिलेंडरच्या आतले रबरी वॉशर ऑइल मागे सोडत आहेत.

चार. सकाळी थंड गाडीत ब्रेक उत्तम, घाट उतरून खाली आले की मऊ, तासभर गाडी उभी केली की पुन्हा ठीक. हा ऑइल उकळण्याचा प्रकार. त्याचे पुढे सविस्तर पाहू.

याच बैठकीत बूस्टरही तपासून घ्या. पेडल दाबून धरा आणि तसेच धरून इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडेसे खाली सरकून थांबले, तर बूस्टर काम करतो आहे. या सरकण्याला घाबरून ब्रेक मऊ झाला असे समजू नका. पेडल अजिबात सरकले नाही तर बूस्टर, त्याचा व्हॅक्यूम होज किंवा व्हॅक्यूम पंप पाहावा लागेल. पण त्या बिघाडात पेडल कडक होते आणि गाडी थांबायला जास्त जोर लागतो. म्हणून मऊ पेडलसाठी बूस्टर बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर ही चाचणी आपल्यासमोर करून दाखवायला सांगा.

टाकीतले ऑइल काय सांगते

बॉनेट उघडून ऑइलची टाकी पाहा. झाकण उघडण्याआधी ते आणि आजूबाजूचा भाग स्वच्छ फडक्याने पुसून घ्या. आपल्या रस्त्यांवरची बारीक धूळ टाकीत पडली की ती मास्टर सिलेंडरच्या रबरांना घासते.

पातळी किमान खुणेच्या जवळ असेल तर दोन शक्यता असतात. डिस्क ब्रेकचे पॅड झिजत जातात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात, त्यांच्या मागची जागा ऑइल भरते आणि टाकीतली पातळी महिन्या-महिन्यांनी हळूहळू उतरते. हे नैसर्गिक आहे. पॅड बदलले की पातळी आपोआप वर येते. म्हणूनच झिजलेल्या पॅडवर टाकी काठोकाठ भरली, तर नवे पॅड बसवताना ऑइल बाहेर सांडते. दुसरी शक्यता गळतीची. आठवड्या-दोन आठवड्यांत पातळी पुन्हा उतरली, तर ऑइल कुठेतरी जातेच आहे. ब्रेक ऑइल डिझेलसारखे जळून संपत नाही.

ऑइलचा रंगही पाहा. नवे ऑइल फिकट पिवळसर असते, जुने होत जाते तसे काळपट होते. झाकणाखालचा रबर फुगून वेडावाकडा झाला असेल, तर कोणीतरी टाकीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल घातल्याचा संशय घ्या. खात्रीसाठी टाकीतले थोडे ऑइल स्वच्छ पाण्याच्या पेल्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते, खनिज तेलाचा तवंग वर येतो. तवंग आला तर हवा काढून उपयोग नाही. संपूर्ण लाइन धुवून मास्टर सिलेंडर, कॅलिपर, व्हील सिलेंडर आणि होज यांचे सगळे रबरी भाग बदलावे लागतात. काम खर्चिक आहे, पण त्याला दुसरा पर्याय नाही.

गळती शोधताना

गळती शोधायला टॉर्च आणि कोरडा पांढरा कागद पुरतो. चारही चाकांच्या आतल्या बाजूला, टायरच्या भिंतीवर आणि ड्रमच्या खालच्या कडेला ओलसर डाग पाहा. मागच्या ड्रमची कड ओली असेल तर आतला व्हील सिलेंडर गळतो आहे असे धरून ड्रम उघडा. सिलेंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपी हळूच उचलून पाहा. आत ऑइल साठलेले दिसले तर सिलेंडर गेला. कधी कधी ड्रममध्ये ओल असते ती एक्सलच्या सीलमधून आलेल्या गिअर ऑइलची. ते दाट असते आणि त्याला उग्र वास असतो. कोणत्याही ऑइलने भिजलेले लायनर पेट्रोलने पुसून परत बसवू नका. लायनरमध्ये मुरलेले ऑइल गरम झाल्यावर पुन्हा बाहेर येते. लायनर नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदला, नाहीतर गाडी ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ती फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसा.

नंतर पुढचे रबरी होज पाहा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून होज कुठे घासतो का, वाकवल्यावर त्याला भेगा दिसतात का ते तपासा. सोबत्याला पेडल जोरात दाबायला सांगा आणि होजवर बोट ठेवा. फुगा आल्यासारखा जाणवला तर होज बदला. मागच्या एक्सलवरून जाणारी लोखंडी पाइप चिखल आणि दगडांच्या माऱ्याने गंजते, क्लिप तुटली की चॅसीला घासून पातळ होते. तिच्यावरचा मातीचा थर काढल्याशिवाय खालची ओल दिसत नाही.

सगळीकडे कोरडे आहे, तरी टाकीतली पातळी उतरते आहे, असेही होते. अशा वेळी मास्टर सिलेंडर बूस्टरला जिथे जोडलेला असतो, त्या सांध्याखाली पाहा. मास्टर सिलेंडरचे मागचे सील फाटले की ऑइल थेट बूस्टरच्या पोटात जाते आणि जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. नट सैल करून मास्टर सिलेंडर किंचित पुढे ओढला की तिथली ओल दिसते.

बाहेर कुठेही गळती नाही, पातळीही कायम, तरी पेडल दाबून धरल्यावर खाली सरकते. मग दोष मास्टर सिलेंडरच्या आत आहे. रबर किट टाकून काम भागते की नाही, हे सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर ठरते. बोट फिरवल्यावर ओरखडा किंवा गंजाचा खड्डा लागला, तर नवे किटही थोड्याच दिवसांत कापले जाते. तेव्हा पूर्ण सिलेंडरच बदलावा, आणि तो ओळखीच्या दुकानातून, कंपनीच्या पॅकिंगमधला घ्यावा.

मागचे ड्रम आणि पुढचे बेअरिंग

पहिल्या दाबाला खोल जाणाऱ्या पेडलसाठी एक सोपी परीक्षा आहे. चाकांचे दगड तसेच ठेवून हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पेडल दाबा. आता पेडल नेहमीपेक्षा उंच लागले, तर मागच्या लायनरचे अंतर वाढले आहे हे नक्की. हँडब्रेकने लायनर आधीच ड्रमला टेकवल्यामुळे पेडलचा फेरा कमी झाला. हँडब्रेकचा दांडा बराच वर येऊ लागला असेल, तर त्यालाही हेच कारण असू शकते.

अशा वेळी हँडब्रेकची केबल ताणून घेऊ नका. आधी ड्रम उघडा, लायनरची जाडी पाहा, ॲडजस्टर धुळीने किंवा गंजाने अडकला असेल तर मोकळा करा. चाक फिरवल्यावर हलका घासल्याचा आवाज येईल इतके अंतर ठेवून लायनर सेट करा. केबल शेवटी.

मागचे सेटिंग ठीक असूनही खराब रस्त्यावरून आल्यावर पहिला दाब लांब जात असेल, तर पुढची चाके जॅकवर घेऊन हलवून पाहा. बेअरिंग ढिले असले की डिस्क डुलते आणि पॅडना मागे ढकलते. पुढच्या दाबाला ते अंतर भरून काढावे लागते. अशा गाडीची कितीही हवा काढली तरी फरक पडत नाही.

हवा काढताना

दोष शोधून दुरुस्त केल्यावरच हवा काढायची. ज्यांना या कामाचा सराव नाही त्यांनी ते मिस्त्रीकडेच द्यावे. पण स्वतः बाजूला उभे राहून पाहावे, आणि काय पाहायचे ते माहीत असावे.

सीलबंद बाटलीतलेच ऑइल वापरा. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिले असेल तेच घ्या. डॉट ५ हे सिलिकॉनचे ऑइल असते, ते यांत मिसळायचे नाही. गॅरेजच्या फळीवर महिनोन् महिने उघडी पडलेली बाटली स्वस्तात मिळाली तरी नको, तिने हवेतली ओल शोषलेली असते.

क्रम साधारणपणे मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू होतो. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. कंपनीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल सैल करायचा, बुडबुडे आणि ऑइल बाहेर आले की निपल घट्ट करायचा, आणि त्यानंतरच पेडल सोडायचे. निपल उघडा असताना पेडल सुटले तर बाहेरची हवा आत ओढली जाते. मधून मधून टाकी भरत राहा. टाकी एकदा रिकामी झाली की सगळे काम पहिल्यापासून करावे लागते.

तीन गोष्टी अनेकदा राहून जातात. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत नेऊ नका, खाली लाकडाचा तुकडा ठेवा. मास्टर सिलेंडरचा रोज न वापरला जाणारा भाग खरबरीत झालेला असतो, त्यावर रबर घासले की चांगला सिलेंडरही निकामी होतो. दुसरी गोष्ट, बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलजवळ लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. गाडी चॅसीवर उचलून मागची चाके लोंबकळत ठेवली, तर हा व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजून मागचा दाब कमी करतो आणि हवा नीट निघत नाही. मागची हवा काढताना वजन चाकांवर किंवा एक्सलवर राहू द्या. तिसरी, कॅलिपर काढून बसवले असतील तर निपल वरच्या बाजूला आहे ना ते पाहा. डावे-उजवे बदलले गेले तर निपल खाली येतो आणि वरच्या भागातली हवा कधीच निघत नाही.

गाडीला एबीएस असेल आणि त्याच्या युनिटमध्ये हवा शिरली असेल, तर ती काढायला अनेक गाड्यांत स्कॅनर लागतो. तिथे सर्व्हिस सेंटर गाठावे.

ब्रेक ऑइल रंग खाते, सांडले तर लगेच पाण्याने धुवा. ते विषारी आहे. नळी लावून तोंडाने ओढू नका, आणि उरलेले ऑइल थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका.

घाटातच मऊ पडत असेल तर

गाडी आणि माल मिळून तीन टन वजन शंभर मीटर उंचीवरून खाली आणायचे, तर सुमारे तीस लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत नऊ लिटरहून जास्त गार पाणी उकळीला येते. इंजिनने त्यातला वाटा उचलला नाही, तर जवळजवळ सगळा भार चार चाकांच्या ब्रेकवर पडतो. तीनाऐवजी चार टन वजन असेल तर उष्णता एक तृतीयांशाने वाढते.

नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू मानकाप्रमाणे किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, डॉट ४ चा २३०. पण हे ऑइल हवेतली ओल शोषते. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की डॉट ३ साठी ही किमान मर्यादा १४० वर आणि डॉट ४ साठी १५५ वर येते. उकळलेल्या ऑइलची वाफ लाइनीत साठते, वाफ हवेसारखीच आकसते, आणि पेडल तळाला जाते. गाडी थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा ऑइल होते. म्हणून गॅरेजमध्ये नेईपर्यंत ब्रेक ठीक झालेला असतो आणि मिस्त्रीला काही सापडत नाही. घाटातली तक्रार त्याला नीट समजावून सांगा आणि सगळे ऑइल बदलून घ्या. बहुतेक गाड्यांत ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. रोज भरली गाडी घाटातून जात असेल तर वर्षाला बदललेले बरे.

उतरताना ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून डिझेल वाचवू नका. ब्रेकवर पाय सतत ठेवण्यापेक्षा थोडा वेळ ठाम दाबून वेग कमी करा आणि पाय पूर्ण उचला. जास्त मालासाठी कमानीचे पाटे वाढवले असतील, तर लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह नव्याने सेट करून घ्या. पाटे कडक झाल्याने चॅसी बसत नाही, व्हॉल्व्ह गाडी हलकी समजतो, मागचे ब्रेक कमी लागतात आणि पुढचे ब्रेक जास्त तापतात. पाट्यांनी गाडीची कमान वाढते, ब्रेकची ताकद वाढत नाही. जादा वजनासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. एका भाड्यात एवढा दंड भरून निघत नाही.

चालत्या गाडीत पेडल तळाला गेले तर

पाय उचलून पेडल भराभर पंप करा. अनेकदा काही प्रमाणात दाब मिळतो. आजच्या गाड्यांत ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किट असतात. एक गेले तरी दुसऱ्यावर खोल का होईना, ब्रेक लागतो. एकेक करून खालचा गिअर टाका, हँडब्रेक बटण दाबून धरून थोडा थोडा ओढा, हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू ठेवा. चढ, मातीची कड किंवा शेताचा मोकळा तुकडा दिसला तर गाडी तिकडे घ्या. किल्ली फिरवून इंजिन बंद करू नका. बूस्टरची आणि पॉवर स्टिअरिंगची मदत जाते, किल्ली पूर्ण फिरली तर स्टिअरिंगही लॉक होते.

काम झाल्यावर

आधी उभ्या गाडीत पेडलची परीक्षा परत करा, मग मोकळ्या सपाट जागी रिकामी गाडी अगदी कमी वेगात चालवून ब्रेक लावा. गाडी सरळ थांबते ना, एखादे चाक जास्त तापते का ते पाहा. दुसऱ्या दिवशी टाकीतली पातळी पुन्हा पाहा. ऑइल बदलल्याची तारीख टाकीजवळ मार्करने लिहून ठेवा.

फिटनेसच्या कागदावर विसंबू नका. गाडी एमएच २३ ची असो की एमएच ४४ ची, मालवाहू गाडीचा फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होतो. तो तपासणीच्या दिवसापुरता असतो. व्हील सिलेंडर मधल्या कोणत्याही दिवशी फुटू शकतो. तेव्हा रोज सकाळी गाडी भरण्याआधी पेडल एकदा दाबून धरा आणि तीसपर्यंत मोजा. ते खाली सरकले, तर त्या दिवशी माल भरू नका. गाडी आधीच भरलेली असेल आणि घाटाच्या माथ्यावर हे लक्षात आले, तर तिथेच थांबा आणि मिस्त्रीला वर बोलवा.